तीन सेनचं पाणी : सिंगापूर आणि मलेशियाचं साठ वर्षांचं भांडण

वुडलँड्सकर (धागाकर्ता)

आग्नेय आशियातलं भांडण म्हटलं की सध्या थायलंड आणि कंबोडियाच आठवतात. २०२५ च्या जुलैत तिथे तोफा धडाडल्या, तेव्हा ते साहजिकच आहे. पण सिंगापुरात राहून मला जास्त नवल वाटतं ते इथल्या भांडणाचं. पाणी, वाळू, कोंबड्या, रेल्वेची जमीन, विमानांचा मार्ग, समुद्रातला एक खडक, यातल्या प्रत्येकावरून सिंगापूर आणि मलेशियाची सरकारं साठ वर्षं हुज्जत घालताहेत. आणि या साठ वर्षांत एकमेकांवाचून दोघांचंही पान हललेलं नाही.

पार्श्वभूमी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सप्टेंबर १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झालं आणि दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, ९ ऑगस्ट १९६५ ला वेगळं झालं. काढलं की निघालं, यावर अभ्यासक अजून भांडतात. पाण्याचे दोन करार त्याआधीच झाले होते, १९६१ आणि १९६२ चे. वेगळं होताना त्यांची हमी विभाजनाच्या करारातच घातली गेली आणि तो करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला गेला. हे ध्यानात ठेवा, पुढचा सगळा वाद याच्याभोवती फिरतो.

१९६२ च्या करारानुसार सिंगापूरला २०६१ पर्यंत, पलीकडच्या जोहोर या मलेशियन राज्यातल्या जोहोर नदीतून, रोज २५ कोटी गॅलन पाणी उचलता येतं. दर हजार गॅलनला ३ सेन (शंभर सेनचा एक मलेशियन रिंगिट). शुद्ध केलेलं थोडं पाणी जोहोर परत विकत घेतं, हजार गॅलनला ५० सेन देऊन. दराचा फेरविचार २५ वर्षांनी करता येईल, असं कलमही आहे. १९८७ आलं आणि गेलं, मलेशियाने तोंड उघडलं नाही. कच्च्या पाण्याचा दर वाढवला तर परत घ्यायच्या पाण्याचाही वाढेल म्हणून आम्ही मागितलं नाही, हे तेव्हाचे पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी २००२ मध्ये स्वतःच सांगितलं. आणि मग २०१८ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी पुन्हा पंतप्रधान झाल्यावर, हा दर हास्यास्पद आहे म्हणून पुन्हा तोच विषय काढला.

इतक्या छोट्या रकमेवरून दोन सुबत्ता असलेले देश इतकी वर्षं का अडून बसतात? माझं एक मत आहे, पण आधी तुमची वाचतो.

आकडेमोड

धागा आवडला. आधी रक्कम किती छोटी आहे ते तरी बघू.

हजार गॅलन म्हणजे साधारण ४,५४६ लिटर. रिंगिट वीसेक रुपयांचा धरला तर ३ सेन म्हणजे साठ पैसे. आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर या दराने सव्वा-दीड रुपयाला पडेल. पुण्यात मे महिन्यात हे वाक्य मोठ्याने वाचू नका.

पूर्ण २५ कोटी गॅलन उचललं तर सिंगापूरचं रोजचं बिल होतं ७,५०० रिंगिट, म्हणजे दीड लाख रुपये. एका देशाच्या निम्म्याहून अधिक पाण्याचं बिल! उलट दिशेचा हिशेबही बघा. जोहोरचा हक्क २ टक्क्यांवर, म्हणजे रोज ५० लाख गॅलनवर. पण सिंगापूर सदिच्छा म्हणून १.६ कोटी गॅलनपर्यंत देत आलंय. ५० सेनने त्याचे झाले ८,००० रिंगिट. म्हणजे पाणी ज्याच्या नदीचं, तोच दिवसाअखेर पाचशे रिंगिट जास्त मोजतोय. मलेशियाच्या खासदारांना हे भाषणात वापरायला किती सोपं आहे!

वुडलँड्सकर

आकडेमोड, हिशेब चोख आहे, पण त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. सिंगापूर म्हणतं, हजार गॅलन शुद्ध करायला आम्हाला २ रिंगिट ४० सेन खर्च येतो, तेव्हा ५० सेनने विकताना प्रत्येक वेळी १ रिंगिट ९० सेन आमच्याच खिशातून जातात. शिवाय धरण, पंप, नळ, सगळा खर्च सिंगापूरचा. नदीवरचं लिंगिऊ धरण १९९० च्या करारातून झालं, तेही सिंगापूरच्या पैशाने.

जोहोरबारूची सून

मी पलीकडच्या तीरावरून लिहितेय. नवरा मलेशियन आहे, त्यामुळे इथे माझं मत पक्षपाती मानलंत तरी चालेल.

सिंगापूरची बाजू नेहमी नीटनेटकी असते, कागद जोडलेले असतात, आकडे तयार असतात. इथल्या माणसाची बाजू तशी मांडलीच जात नाही. २०१६ मध्ये पाऊस लांबला आणि लिंगिऊ धरण २० टक्क्यांवर आलं. त्या काळात जोहोरला सिंगापूरकडे जादा शुद्ध पाणी मागावं लागलं. आपल्या नदीचं पाणी आपणच शेजाऱ्याकडून मागून घ्यायचं, हे ज्याच्या वाट्याला येतं त्याला ५० सेनचं अनुदान सांगून उपयोग नसतो.

आणि माणसांचं काय? रोज तीन लाखांहून जास्त लोक सीमा ओलांडतात. पहाटे चारला आमच्या गल्लीतून मोटारसायकलींची रांग निघते. हेल्मेटखाली अर्धवट झोप, पाठीवर डब्याची पिशवी. एक सिंगापूर डॉलर म्हणजे तीन रिंगिटच्या वर. १९७३ पर्यंत दोन्ही चलनं एकास एक बदलून मिळायची, हे सासरे अजून सांगतात. आमच्या इस्पितळातली नर्स, गॅरेजमधला मेकॅनिक, हॉटेलातला आचारी, सगळे पुलापलीकडे. इथे दुकानांवर 'माणसं पाहिजेत'च्या पाट्या कायमच्या. त्या माणसांना वाढवण्याचा, शिकवण्याचा खर्च कुठल्या करारात आहे?

अवांतरवीर

जोहोरताई, प्रतिसाद जबरी.

अवांतर: पेट्रोलचा किस्सा कुणीच कसा काढला नाही? सिंगापूरची गाडी जोहोरला जाताना टाकी किमान पाऊण भरलेली लागते, नाहीतर सीमेवरून परत पाठवतात, वर दंड. नव्वदीच्या सुरुवातीपासूनचा नियम. कारण काय, तर तिकडचं स्वस्त पेट्रोल भरून यायचं नाही. तिकडे मलेशिया म्हणतं, आमचं सबसिडीवालं पिवळ्या नळीचं ९५ ऑक्टेन पेट्रोल परदेशी पाटीच्या गाडीत भरायचं नाही, २०१० पासून बंद. म्हणजे एक सरकार काट्याकडे बघतंय, दुसरं नळीकडे. आणि तरी पिवळी नळी लावलेल्या सिंगापुरी गाडीचे फोटो दर काही दिवसांनी फेसबुकवर येतात आणि मग दोन्हीकडून शिव्यांची आतषबाजी. करारबिरार राहू द्या, माझ्या मते दोन्ही देशांतल्या सामान्य माणसांचं खरं भांडण एवढंच आहे.

लासलगावकर

वुडलँड्सकर, तुम्ही कोंबड्यांचा नुसता उल्लेख करून पुढे गेलात. मला तोच भाग सविस्तर वाचायचाय. आम्ही निर्यातबंदीचे जुने ग्राहक आहोत.

वुडलँड्सकर

लासलगावकर, घ्या.

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, मका आणि सोयाबीन महागलं, म्हणजे कोंबडीचं खाद्य महागलं. मलेशियात तेव्हा कोंबडीवर सरकारी कमाल दर होता, किलोला ८ रिंगिट ९० सेन. खाद्य वर जातंय आणि विक्रीचा दर बांधलेला, तेव्हा पाळणाऱ्यांनी पिल्लं कमी टाकली. बाजारात तुटवडा. पंतप्रधान इस्माइल साब्री याकोब यांनी १ जूनपासून निर्यात बंद केली, महिन्याला ३६ लाख कोंबड्या.

सिंगापूर आपल्या कोंबडीपैकी सुमारे एक तृतीयांश मलेशियातून आणायचं, आणि ती यायची जिवंत, ट्रकमधून, सीमेवरून. इथल्या कत्तलखान्यांत कापून सकाळी बाजारात. त्यामुळे बंदीने नुसता माल आटला नाही, कत्तलखान्यातल्या माणसांचं कामच थांबलं. चिकन राइसवाल्यांची तर भलतीच पंचाईत. त्या पदार्थाची कोंबडी नुकती कापलेली असावी लागते. उकडल्यावर हाडाजवळ किंचित गुलाबी, कातडीखाली थरथरता थर. गोठवलेल्या ब्राझिलियन कोंबडीला तो येत नाही. ३१ मेच्या रात्री बाजारात दोन-दोन, चार-चार कोंबड्या उचलणाऱ्या आज्या बघितल्यात मी. जूनच्या मध्यात गावठी आणि काळ्या कोंबडीला मलेशियाने सूट दिली, महिनाअखेर सिंगापूरने इंडोनेशियाला परवानगी दिली, ऑक्टोबरमध्ये बंदी सैल झाली.

राजकारण बघा. कमाल दराने आधी तुटवडा तयार केला, आणि तो झाकायला शेजाऱ्याच्या ताटातली कोंबडी काढली. निवडणूक जवळ होती, नोव्हेंबरमध्ये झालीच.

लासलगावकर

हेच हवं होतं. आता आमचं ऐका. ८ डिसेंबर २०२३ ला आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लावलं होतंच. बंदी उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान सुरू असताना, तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव लावून. मलेशिया आणि सिंगापूर दोघंही आपला कांदा घेतात. तिकडच्या बाजारात तेव्हा लोक काय म्हणाले असतील ते आता कळलं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. जोहोरमधला जो माणूस खास सिंगापूरसाठी पक्षी वाढवत होता, त्याचं काय झालं याची बातमी कुणी दिली का? गिऱ्हाईक एकदा इंडोनेशियाकडे गेलं की ते पुरतं परत येत नाही. आपल्या बंदीच्या काळात आपली गिऱ्हाइकं पाकिस्तान, चीनकडे वळली. बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी व्यापारी दारात उभा राहत नाही. सरकारं म्हणतात 'तात्पुरती'. शेतकऱ्याला तात्पुरतं असं काही नसतं, कांदा सडतो आणि कोंबडी खात राहते.

अवांतरवीर

मलेशियावर आपणही वार केलाय हो. काश्मीर आणि नागरिकत्व कायद्यावर महाथिर बोलले आणि जानेवारी २०२० मध्ये आपण शुद्ध केलेल्या पामतेलाच्या आयातीवर बंधन घातलं. फरसाणवाल्यांना विचारा.

बंदरावरचा बाबा

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, त्यामुळे पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याबद्दल लिहितो.

वुडलँड्सकरांनी 'एक खडक' म्हणून ज्याचा उल्लेख केला तो पेड्रा ब्रांका. मलेशिया त्याला बातू पुतेह म्हणतं. सिंगापूर सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या तोंडावर आहे, त्यावर १८५१ चा हॉर्सबर्ग दीपस्तंभ. दक्षिण चिनी समुद्रातून येताना तो दिसला की ब्रिजवर सगळे ताठ होतात, कारण पुढे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सागरी वाटांपैकी एक. फुटबॉलच्या मैदानापेक्षा फार मोठा नाही. १९७९ मध्ये मलेशियाने नकाशात तो आपला दाखवला, सिंगापूरने हरकत घेतली, आणि २३ मे २००८ ला हेगच्या न्यायालयाने निकाल दिला: पेड्रा ब्रांका सिंगापूरचा, बाजूचे मिडल रॉक्स मलेशियाचे. निकालात १९५३ च्या एका पत्राला मोठं वजन मिळालं. जोहोरच्या कार्यवाहक राज्यसचिवांनी लिहून दिलं होतं की या खडकाच्या मालकीवर जोहोरचा दावा नाही. एका कारकुनी उत्तराने खडक गेला. २०१७ मध्ये मलेशियाने फेरविचाराचा अर्ज केला, २०१८ मध्ये महाथिर सरकारने तो मागे घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या चौकशी आयोगाने त्या माघारीबद्दल महाथिरांच्याच फौजदारी चौकशीची शिफारस केली. सिंगापूरवर आयुष्यभर डाफरणारा माणूस, आणि ठपका आला तो सिंगापूरला खडक सोडून दिल्याचा.

आता बंदरं. पेपरवाले खडकावर अग्रलेख लिहितात, पण पैसा बंदरात आहे. जोहोरच्या टोकाला तांजुंग पेलेपास बंदर उभं राहिलं आणि २००० मध्ये मेर्स्क या जहाज कंपनीने सिंगापुरातला आपला मुक्काम तिकडे हलवला, बंदरात ३० टक्के वाटाही घेतला. २००२ मध्ये एव्हरग्रीन गेली. सिंगापूरला त्या काळात जो घाम फुटला तो पाण्याच्या धमक्यांनीही फुटला नसेल. नळ बंद करण्याची भाषा फक्त होते. कंपन्या खरोखर निघून गेल्या.

२०१८ च्या ऑक्टोबरात मलेशियाने जोहोरबारू बंदराची हद्द वाढवली, डिसेंबरात सिंगापूरनेही आपली वाढवली. दोघांची सरकारी जहाजं तुआसच्या पाण्यात आमनेसामने नांगरून बसली. ९ फेब्रुवारी २०१९ ला एक ग्रीक मालवाहू जहाज तिथल्या मलेशियन सरकारी जहाजावर आपटलं. एप्रिलमध्ये दोघांनी हद्दी मागे घेतल्या. त्याच सुमारास सिंगापूरच्या सेलेतार विमानतळाच्या उतरण्याच्या यंत्रणेवरूनही भांडण चाललं होतं. त्या मार्गामुळे जोहोरमधल्या पासिर गुदांगमध्ये उंच इमारती बांधता येणार नाहीत, अशी मलेशियाची तक्रार. फायरफ्लाय या मलेशियन कंपनीची विमानं काही महिने बंद होती. तेही एप्रिलमध्येच मिटलं.

नवखा वाचक

मुळात हे सगळं चिनी विरुद्ध मलय असंच आहे ना? बाकी सगळी सजावट.

संपादक

चर्चा वंशावर घसरू देऊ नये ही विनंती.

वुडलँड्सकर

संपादक, प्रश्न रास्त आहे, थोडक्यात उत्तर देतो. १९६५ ची फारकत त्याच मुद्द्यावर झाली: मलयांना विशेष स्थान की सगळ्यांना समान. पण त्या एका चष्म्यातून बघितलं तर १९९८ समजत नाही. आशियाई आर्थिक संकटात मलेशियाने रिंगिट डॉलरला ३.८० ला बांधला आणि देशाबाहेर आपल्या शेअर्सचे सौदे बंद पाडले. सिंगापुरात 'क्लॉब' नावाच्या बाजारात मलेशियन शेअर्स घेतलेल्या हजारो साध्या लोकांचे पैसे अडकले. त्यात वंशाचा संबंध कमी, भांडवल पळून जाण्याची भीती जास्त.

आता माझं मत, जे सांगायचं ठेवलं होतं. सिंगापूरला दर वाढण्याची भीती नाही. वाटाघाटींत ४५ सेन, ६० सेन असे आकडे येऊन गेलेत, सिंगापूर ते द्यायला तयारही होतं, मात्र इतर मुद्द्यांसह एकत्र तडजोडीत. २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री जयकुमार यांनी संसदेत पत्रव्यवहारच जाहीर केला आणि सांगितलं की प्रश्न किती द्यायचे हा नाही, दर ठरवायचा कसा हा आहे. एका बाजूने म्हटलं म्हणून संयुक्त राष्ट्रांत नोंदवलेला करार बदलता येत असेल, तर त्याच करारातली फारकतही बदलता येईल. छोट्या देशाला ही भीती वाटते, आणि मला ती खोटी वाटत नाही. १९६५ मध्येच मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान ब्रिटिश उच्चायुक्तांना म्हणाले होते की सिंगापूरने परराष्ट्र धोरणात त्रास दिला तर जोहोरचं पाणी तोडू म्हणता येईल. आणि त्याआधी जानेवारी १९४२ मध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी जोहोरला जोडणारा सेतू उडवला तेव्हा त्यावरचा नळही गेला होता. त्या आठवणी इथल्या सरकारच्या हाडात आहेत.

जोहोरबारूची सून

पटतंय, पण अर्धंच. करार पवित्र असेल तर तो दोघांनाही असावा. रेल्वेचं बघा. तांजोंग पागर स्टेशन आणि सिंगापुरातली रुळांखालची जमीन मलेशियाच्या रेल्वेची होती. १९९० मध्ये कलमं ठरली आणि त्यांच्या अर्थावरून वीस वर्षं वाद. शेवटी २०१० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान, इकडचे नजीब रझाक आणि तिकडचे ली श्येन लूंग, बसले आणि जमिनीच्या बदल्यात जमीन असा सौदा केला. दोघांची मिळून कंपनी, ६० टक्के मलेशिया, ४० टक्के सिंगापूर, तिने सिंगापुरात मरीना वन आणि डुओ ही इमारतींची संकुलं उभारली. ३० जून २०११ ला शेवटची गाडी जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवत नेली. म्हणजे मनात असलं की 'कसं' लगेच सापडतं.

आणि शब्द मोडायची सवय कुणाला नाही? वेगवान रेल्वे बघा, क्वालालंपूर ते सिंगापूर, दीड तासात. २०१६ ला करार, २०२० च्या शेवटच्या दिवशी रद्द, आणि मलेशियाने १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई मोजली. हे मी आमच्याच सरकारच्या विरोधात लिहितेय, नोंद घ्यावी.

आकडेमोड

मग आता परिस्थिती सुधारली म्हणायची का? जानेवारी २०२५ ला मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम आणि सिंगापूरचे लॉरेन्स वाँग यांच्या उपस्थितीत जोहोरमधल्या विशेष आर्थिक क्षेत्राचा करार झाला, साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं. जोहोरात डेटा सेंटरची रीघ लागलीय. सिंगापूरने २०१९ पासून काही वर्षं नवी डेटा सेंटरं थांबवली, ती पुलापलीकडे गेली.

जोहोरबारूची सून

आणि येताना तहानही घेऊन आली. डेटा सेंटरला गार ठेवायला पाणी लागतं, तेही याच नद्यांचं. इथे आता लोक ३ सेनवर बोलत नाहीत, सर्व्हरला पाणी आणि आमच्या नळाला हवा असं म्हणतात. पुढचा वाद तिथून निघणार, लिहून ठेवा.

मेट्रो मात्र हवीय. आमच्याकडचं बुकित चागर ते सिंगापुरातलं वुडलँड्स नॉर्थ, चार किलोमीटर, पाच मिनिटं, तासाला एका दिशेने दहा हजार माणसं. दोन्ही देशांचे शिक्के एकाच ठिकाणी, चढण्यापूर्वी. २०२६ च्या अखेरीस सुरू व्हायची आहे. मोटारसायकलवाले किती वळतील ते तिकिटावर ठरेल.

लासलगावकर

शेवटचा प्रश्न. २०६१ नंतर सिंगापूरला जोहोरचं पाणी लागणारच नाही, असं म्हणतात. खरं का?

वुडलँड्सकर

तयारी तशीच आहे. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं 'न्यूवॉटर' २००३ पासून, समुद्राचं पाणी गोडं करायचा पहिला कारखाना तुआसला २००५ मध्ये, आता असे पाच. रोजची गरज सुमारे ४४ कोटी गॅलन.

बंदरावरचा बाबा

पण खाऱ्याचं गोडं करायला वीज लागते. सिंगापूरची जवळजवळ सगळी वीज वायूवर, आणि त्या वायूचा काही भाग नळाने मलेशियातून येतो. हरित वीज आणायचं म्हटलं तर २०२१ मध्ये मलेशियाने तिच्या निर्यातीवरच बंदी घातली होती, २०२३ मध्ये उठवली.

लासलगावकर

म्हणजे नळ बदलला, शेजारी तोच.

वुडलँड्सकर

हो. म्हणूनच इथे वीज लाओसमधून थायलंड-मलेशियाच्या तारांवरून आणायचा प्रयोग केलाय. तारा मात्र जोहोरमधूनच येतात.